पानं हिरवी झाली तेव्हा

“वास आला, एवढंच कळतंय त्या पानाला. कशाचा आला ते तुझं तुलाच शोधायला लागंल,” असं मगदूम काकू कुंपणावर कोपरं टेकून म्हणाल्या होत्या, तेव्हा गार्गी चौगुले फोनवर बियाण्याचं माहितीपत्रक वाचत होती. मान वर न करता ती “हो काकू” म्हणाली. तिची चार वर्षांची जुई ‘हो, दात घासले’ म्हणते ना, अगदी त्याच सुरात.

ही फेब्रुवारीतली गोष्ट. सांगलीच्या बाहेर, नव्या रिंगरोडला लागून असलेल्या रो-हाउसांच्या वसाहतीत चौगुल्यांचं घर शेवटून दुसरं, मगदूम काकूंचं शेवटचं. दोन्ही घरांच्या मागे वीस बाय बारा फुटांचं एकेक परस आणि मधे कमरेएवढं तारेचं कुंपण. चौगुल्यांच्या परसात तोवर एक मोडकी सायकल, कपड्यांचा स्टँड आणि बिल्डरनं सोडलेला राडारोडा एवढंच पीक होतं.

भाजी लावायची टूम निघाली ती जुईच्या रक्ताच्या तपासणीवरून. लोह कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, पालेभाज्या द्या. आता भाजीवरच्या फवारणीचा अंश दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या त्या वर्षी मेडिकलच्या दुकानात मिळायला लागल्या होत्या, आणि गार्गी त्या न घेता परत येईल हे शक्यच नव्हतं. मेथीच्या पाण्यात पट्टी बुडवली, लाल. पालक, लाल. तिसऱ्या दिवशी ती पट्टी घेऊनच भाजीवाल्याकडे गेली तेव्हा तो म्हणाला, “ताई, तुम्ही मेथी खाता का पट्टी खाता?” आजूबाजूच्या चार बायका हसल्या. गार्गी तणतणत घरी आली आणि संध्याकाळपर्यंत तिनं ‘सावध’ बियाण्याची पाच पाकिटं मागवलेली होती.

नवरा अथर्व पुण्याला नोकरीला, शनिवारी येणारा. फोनवर म्हणाला, “अगं, पालक विकत मिळतो.”

“माहितीय मला विकत मिळतो. त्यात काय मिळतं तेही माहितीय.”

“मग धुऊन घे ना दोनदा.”

“तू ये, तू धू.”

तो विषय तिथंच मिटला.

‘सावध’ बियाणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं. फळ कुजायला लागतं तेव्हा डोळ्यांना डाग दिसण्याच्या बरंच आधी त्यातून काही हलके, उडून जाणारे वायू सुटतात. ॲसिटोन हा त्यांतला एक. माणसाच्या नाकाला एवढ्याशा वायूचा पत्ता लागत नाही. संशोधकांनी काय केलं, तर टोमॅटो, वांगं, मिरची यांच्या पानातल्या पेशींत एक नवीन कुलूप बसवलं. या वायूचा कण ही त्याची किल्ली. किल्ली फिरली की वांग्याच्या सालीला जो रंग असतो, तोच रंग पानाच्या शिरांमध्ये तयार व्हायला लागतो. हिरव्या पानावर जांभळ्या रेघा आल्या की समजायचं, जवळपास कूज सुरू झाली. वायू थांबला की दोन-तीन दिवसांत रंग उतरतो. औषध आंधळेपणानं मारत बसायला नको, जिथं रोग आहे तिथंच उपाय. कल्पना खरोखर चांगली होती, आणि गार्गी रसायनशास्त्राची बी.एस्सी. असल्यामुळे तिला ती चटकन पटली. त्याच कारणानं पुढे जे झालं ते तिला जास्त लागलं.

पाकिटाबरोबर खुंटीवर बसवायचा एक छोटा कॅमेरा आणि फोनमधलं ॲप आलं. कॅमेरा पानं बघायचा, ॲप बोलायचं. आणि कसं बोलायचं! “नमस्कार गार्गीताई! आपल्या वांग्याला आज आपली आठवण येत आहे.” वरण उकळत असताना, जुई बाथरूममधून ओरडत असताना, गॅसवाला दारात उभा असताना. “गार्गीताई, मिरची क्रमांक चार किंचित उदास आहे.”

“मीपण आहे,” गार्गी फोनला म्हणायची.

बी पेरणं म्हणजे भोक पाडून टाकणं अशी तिची समजूत होती. राडारोडा उपसायला चार दिवस लागले. मग माती कडक निघाली. मग माती आणवली. मग जुईनं पेरलेली बी उगवली का बघायला रोज उकरून काढली आणि पुन्हा पुरली. बारा वांग्यांतली सात उगवली, त्यातली दोन बोक्यानं बसून मोडली. दर वेळी ॲप म्हणायचं, “निराश होऊ नका, निसर्ग संयम शिकवतो!” संयम शिकवायला घरात एक चार वर्षांची मुलगी होती. आणखी शिकवणी नको होती.

हे सगळं कुंपणापलीकडून वैजयंता मगदूम रोज बघत असत. एसटीत पंचवीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एक भाचा इचलकरंजीला. सगळी वसाहत त्यांना काकू म्हणायची, एकटी जुई वैजूआजी. सकाळी आठला त्या बसायचा वेताचा मोडा हलवत कुंपणापाशी यायच्या, तांब्या शेजारी ठेवायच्या आणि तासभर जुईशी आणि रोपांशी सारख्याच आवाजात बोलायच्या. दाट उगवलेली रोपं विरळ करायची शिकवली तीही त्यांनीच. “चला, पुढं सरका, मागं जागा करा. ए बारक्या, तू उतर.” आणि बारकं रोप उपटून फेकायचं. जुई खदखदून हसायची.

त्यांच्याकडे नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांतली तिकिटांची पत्र्याची पेटी होती. यंत्रं आल्यावर ती मोडीत निघाली, काकूंनी घरी आणली. ज्या खणांत तिकिटांचे गठ्ठे असायचे, त्या खणांत आता राखेत घोळलेलं बी असायचं. दोडका, गवार, काकडी, कारलं. मार्चच्या आधी त्यांनी कारल्याच्या आठ बिया काढल्या, तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच घेतला आणि प्रत्येक बीच्या टोकाला हलकेच चिमटा काढला. कट्, कट्, कट्.

“हे काय करताय?”

“कवच लई टणक असतंय. जरा टोचलं की पाणी आत शिरतंय. न्हाईतर बसतंय पंधरा दिस झोपून.” त्यांनी बिया गार्गीच्या तळहातावर ठेवल्या. “आणि ऐक. माझ्या हातचं बी हाय. पहिलं कारलं तोडशील ते माझ्या दारात आणून द्यायचं, मग घरात शिजवायचं. आमच्यात रीत हाय ती.”

“देईन की.”

“आठवणीनं दे. मला लागतंय कारलं. रोज रस घेते मी.”

ॲपनं लगेच नाराजी दाखवली. “गार्गीताई, अनोळखी बियाणं लावू नये. आपल्या बागेच्या आरोग्यास धोका संभवतो.” गार्गीनं तरीही लावलं, कुंपणाच्या कडेनं, आणि आठाच्या आठ बिया सहा दिवसांत उगवल्या. साध्या बिया. त्यांना कुलूप नव्हतं, किल्ली नव्हती.

मार्च संपता संपता पहिली जांभळी रेघ दिसली. पूर्वेकडच्या, म्हणजे काकूंच्या कुंपणालगतच्या दोन टोमॅटोंवर. गार्गीनं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत तपासलं. कूज कुठंच नाही. कडुनिंबाचं तेल फवारलं. दुसऱ्या दिवशी रेघा गडद. शेजारची मिरचीही जांभळी. पश्चिमेकडची झाडं मात्र स्वच्छ. ॲपनं नकाशा काढून दाखवला. “फळकुजीचा धोका! संभाव्य स्रोत: पूर्व कुंपण, अंतर दोन मीटरच्या आत.”

दोन मीटरच्या आत काकूंचा खतखड्डा होता. भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा, सगळं त्यात. गार्गीला हायसंच वाटलं. कारण सापडलं की तिला नेहमीच हायसं वाटायचं.

पहिल्यांदा ती गोड बोलली. मग वसाहतीच्या ग्रुपवर लिहिलं, कुणाचं नाव न घेता, पण खतखड्डा असलेलं घर वसाहतीत एकच होतं. दोघांनी अंगठे दिले. त्या शनिवारी अथर्व म्हणाला, “एवढं काय गं, बाई आहे एकटी, तिचा खड्डा तो.”

“आणि जुईनं काय खायचं? बुरशी?”

“जुई काय खाते ते मला सांगू नकोस. मघाशी तिनं माती खाल्ली, मी बघितलंय.”

“आणि तू बघत बसलास?”

सोमवारी भर उन्हात काकू स्वतः फावडं घेऊन खड्डा बुजवत होत्या. चार फावडी ओढायच्या, खाली बसायच्या, तांब्यानं पाणी प्यायच्या, पुन्हा उठायच्या. गार्गीनं खिडकीतून पाहिलं. ती बारीक लक्ष ठेवणारी बाई, तिला सगळं दिसायचं. काकू अलीकडे वाळल्यात, ब्लाउज खांद्यावरून ओघळतोय, तांब्या सकाळपासून तिसऱ्यांदा भरला. उन्हाळा आहे, तिनं मनाशी म्हटलं. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखीनच चिडचिड झाली. खाली जाऊन ‘राहू द्या’ म्हणावं असंही वाटलं. पण तेवढ्यात फोन बोलला, “गार्गीताई, वांगे क्रमांक दोन जांभळे झाले आहे,” आणि ती गेली नाही.

खड्डा बुजला. आठवडा गेला. पानं जांभळीच. उलट काकू रोज जिथं मोडा टाकून बसायच्या, वेलीवर वाकून जुईला कारल्याची फुलं दाखवायच्या, नेमकी तिथलीच पानं वांग्यासारखी काळपट दिसायला लागली. कारल्याच्या वेलाला मात्र कशाचंच काही नाही. तो आपला हिरवागार पिवळी फुलं मिरवत वर चढत होता.

“स्रोत अद्याप सक्रिय आहे,” ॲप म्हणालं. “बुरशीचे कण कपडे, हात व अवजारे यांवरूनही पसरतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काकू आल्या. जुई पळत गेली. गार्गीनं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

“काकू, एक सांगू का. राग मानू नका. थोडे दिवस तुम्ही इकडं झाडांपाशी नका येऊ. तुमच्या पदराला, हाताला ती बुरशी असेल अजून. आणि जुईला पण मी—”

काकूंनी तांब्या खाली ठेवला. “म्हंजे रोग मला हाय म्हन की.”

“तसं नाही हो! ते स्रोत—”

“असंच. खड्डा बुजला, आता राहिलं कोन? मीच.” त्या हसल्या, पण नेहमीसारख्या नाही, जरा धापा टाकत. मोडा उचलला. “बरं. मार घंटी. उतरते मी.”

“आई, वैजूआजी कुठं चालली?”

“घरी,” गार्गी म्हणाली. “कुठं जाणार! पाच पावलांवर तर घर आहे.”

हा मंगळवार.

गुरुवारी रेघा फिक्या पडल्या. शुक्रवारी सकाळी पूर्वेकडची सगळी झाडं हिरवीगार. ॲपनं पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले. “अभिनंदन गार्गीताई! रोग आटोक्यात. आपली बाग निरोगी आहे. आपला अनुभव इतरांना सांगा!” दोन महिन्यांत पहिल्यांदा गार्गी परसात शांतपणे चहा प्यायली. बघा, बरोबर होतं ना माझं, असं तिला कुणाला तरी सांगायचं होतं. कुंपणापलीकडे कुणी नव्हतं. काकूंच्या मागल्या दाराबाहेरचा दिवा भर उजेडात जळत होता. कालही जळत होता. रुसल्यात, गार्गीला वाटलं, आणि वीज मात्र जाळतायत.

कारल्याच्या वेलावर पहिलं कारलं बोटभराचं हातभर झालं होतं. तिनं ते तोडलं. दारात नेऊन द्यायचं होतं. पण आज गेले तर ‘आलीस व्हय, रोग घ्यायला’ असं ऐकावं लागेल. त्यापेक्षा शनिवारी अथर्व आला की त्याच्या हातून देऊ. कारलं फ्रिजमध्ये गेलं.

शनिवार उजाडला तोच वैताग घेऊन. जुईच्या बालवाडीत वर्ष संपल्याचा कार्यक्रम, बाई म्हणाल्या होत्या नखं रंगवायची नाहीत, आणि जुईनं आदल्या संध्याकाळी दहाच्या दहा बोटं, शिवाय मनगटापर्यंत हात लाल करून ठेवलेले. गार्गीनं तिला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलं, नेलपॉलिश काढायची बाटली उघडली आणि कापसानं खसाखसा पुसायला घेतलं.

“हलू नकोस. हलू नकोस म्हटलं ना!”

जुईनं नाक फेंदारलं. “वैजूआजीचा वास!”

“काय?”

“वैजूआजीच्या तोंडाला असाच वास येतो. पेरूसारखा. आणि ह्याच्यासारखा.”

“आजी कशाला नेलपॉलिश लावेल? दुसरा हात दे. उशीर झालाय.”

बाटलीचं झाकण लावायचं राहिलं. जुईला सोडून, मैदानात उभं राहून, कुठल्या तरी पालकांशी वार्षिक फीबद्दल हो-हो करून ती दहाला परत आली, तेव्हा स्वयंपाकघर त्या वासानं भरलं होतं. चरफडत तिनं झाकण लावलं. खिडकी उघडायला गेली आणि थांबली.

खिडकीच्या कट्ट्यावर ‘सावध’ टोमॅटोचं एक रोप कुंडीत होतं. परसात मर झालीच तर बदली म्हणून घरात ठेवलेलं. दोन महिन्यांत त्याच्यावर कधी एक रेघ आली नव्हती. आता त्याचं प्रत्येक पान जांभळ्या शिरांनी भरलं होतं.

घरात खतखड्डा नव्हता. कुंपण नव्हतं, पूर्व नव्हती. कुजलेलं फळ नव्हतं. ओट्यावर एक बाटली होती, आणि बाटलीवर लहान अक्षरांत काय आहे ते वाचायला गार्गीला चष्म्याची गरज नव्हती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं तिनं त्याच द्रवानं काचेची भांडी धुतली होती.

ॲसिटोन.

वास आला, एवढंच कळतंय त्या पानाला.

मग बाकीचं एकामागून एक आलं, आणि फार वेळ लागला नाही. रोज सकाळी आठ ते नऊ, वेलीवर वाकलेलं तोंड. तिसऱ्यांदा भरलेला तांब्या. ओघळणारा ब्लाउज. पेरूसारखा वास. तिच्या स्वतःच्या मामाला साखरेचा त्रास होता, त्याच्याही तोंडाला एकदा असा गोडसर वास यायला लागला होता आणि मग त्याला घाईघाईनं मिरजेला हलवलं होतं. तिला हे माहीत होतं. हे सगळं तिला माहीत होतं!

पानं हिरवी झाली ती रोग बरा झाला म्हणून नव्हे. वास घेऊन येणारी बाई यायची थांबली म्हणून. आणि दिवा तीन दिवस जळत होता.

फ्रिज उघडून तिनं कारलं का घेतलं, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. हातात काहीतरी असावं म्हणून असेल. पुढच्या दारानं गेली, घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. “काकू! काकू, कारलं आणलंय!” आत काही नाही. मग ती धावत मागं आली, कुंपणाची तार पायानं दाबून पलीकडे गेली, बुजवलेल्या खड्ड्याच्या भुसभुशीत मातीत तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला. मागच्या दाराची कडी आतून लावलेली नव्हती.

काकू स्वयंपाकघरात जमिनीवर, भिंतीला टेकून बसल्यासारख्या घसरलेल्या होत्या. तांब्या आडवा पडलेला. डोळे अर्धवट मिटलेले, आणि श्वास असा खोल आणि भरभर, जणू बाई तीन मजले चढून आल्यात आणि अजून चढतायत. खोलीभर तोच वास. गार्गीच्या नाकाला आता तो एवढा स्पष्ट आला, की आजवर आला कसा नाही याचंच तिला आश्चर्य वाटलं.

“काकू! ऐकू येतंय का? मी गार्गी!”

ओठ हलले. “...स्टॉप आला?”

“हो. आला. थांबा. उठू नका.”

तिनं एकशे आठला फोन लावला. पत्ता सांगितला, पुन्हा सांगितला, ‘शेवटचं घर’ असं तीनदा सांगितलं. पलीकडच्या माणसानं विचारलं, साखरेचा आजार आहे का? तिनं काकूंचा फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात इन्सुलिनच्या सुयांचा खोका होता, सील न फोडलेला, दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेचा. शेजारी कारल्याच्या रसाची बाटली, तळाशी हिरवट साका.

“आहे,” ती म्हणाली. “सुया बंद केल्यात त्यांनी.”

दवाखान्याच्या गाडीत बसताना तिनं बालवाडीत फोन करून जुईला थांबवून घ्यायला सांगितलं, अथर्वला सांगितलं की स्टेशनवरून थेट बालवाडीत जा, इचलकरंजीच्या भाच्याचा नंबर काकूंच्या फोनमधून काढला. सगळं बरोबर केलं. तिच्याकडून अशी कामं नेहमीच बरोबर व्हायची.

अतिदक्षता विभागाबाहेर एक तरुण डॉक्टरीण आली. थकलेली, तिच्याच वयाची. “इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशीच राहतात,” ती म्हणाली. “मग शरीर चरबी जाळायला घेतं. त्या जळणाचा धूर समजा तुम्ही, कीटोन म्हणतात. रक्त आंबट होत जातं, आणि त्यातला ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडतो. हे एका दिवसात होत नाही. यांचं दीड-दोन महिने हळूहळू चाललं असणार, या आठवड्यात एकदम घसरलं. उन्हात खूप कष्ट केले का त्यांनी?”

गार्गीनं घोट्याला लागलेली खड्ड्याची माती पुसायला घेतली.

“वास कुणालाच नाही आला?”

“आला होता,” गार्गी म्हणाली. “झाडांना आला होता. आणि माझ्या मुलीला.”

डॉक्टरीण तिच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत आत गेली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी काकूंनी नीट डोळे उघडले. नाकात नळी, हाताला सलाईन. गार्गीला भेटायला दोन मिनिटं दिली होती. काकूंनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे.

“कारलं?”

“घरी आहे. म्हणजे तुमच्या ओट्यावर आहे. पहिलंच आहे. पण डॉक्टर म्हणाल्या, आता कारलं बंद, सुई सुरू.”

“सुईचं भ्या वाटतंया मला.” आवाज कागदासारखा झाला होता. “पंचवीस वरसं गर्दीत उभी राहिले, कुनाला भ्याले न्हाई. सुईचं वाटतंया.”

“मी टोचीन. तुमच्या पंचनं बी टोचता येतं, तर हेही येईल.” आणि मग ती रागावलीच, तिला आवरलं नाही. “पण सांगायला काय झालं होतं तुम्हाला? एकट्या राहता, आजार आहे, औषध सोडलं, कुणाला तरी सांगायचं!”

“सांगितलं न्हवं का,” काकू म्हणाल्या. “तुझ्या झाडांस्नी.” आणि डोळे मिटले. दोन मिनिटं संपली.

बाहेर बाकड्यावर बसून गार्गीनं ॲप उघडलं. ते काढून टाकायचं होतं, कॅमेरा त्या खुंटीसकट उपटायचा होता. पडद्यावर अजून रंगीत तुकडे पडत होते. “आपला अनुभव सांगा!” तिनं बोट ठेवलं तर इतरांचे अनुभव उघडले. राज्यभरातले, आनंदी चेहऱ्यांसकट. भाजीच्या टोपल्या, हसरी मुलं. ती खाली सरकवत गेली आणि एके ठिकाणी बोट थांबलं.

गडहिंग्लजचं कुणीतरी. परवाची तारीख. “आमच्याही कुंपणालगतची पानं महिनाभर जांभळी होती. शेजारचे एक आजोबा रोज गप्पा मारायला झाडांपाशी येऊन बसायचे, त्यांना नम्रपणे यायचं बंद करायला सांगितलं, जाळी मारून घेतली. तीन दिवसांत पानं स्वच्छ! सर्वांनी हा उपाय करून बघावा.” खाली एकशे बारा अंगठे. त्याखाली एक बाई कऱ्हाडची, “आमचंही सेम, सासऱ्यांना परसात बसू देणं बंद केलं.” त्याखाली आणखी एक.

  तिनं लिहिलं, सगळ्यांच्या खाली, सगळ्यांना दिसेल असं. भाषा नीट करायला ती थांबली नाही.

“मी गार्गी चौगुले, सांगली. माझीही पानं शुक्रवारी हिरवी झाली आणि मी चहा पीत बसले. हे पान फक्त फळाची कूज ओळखत नाही, माणसाच्या श्वासातला ॲसिटोनही ओळखतं. साखरेचा आजार हाताबाहेर गेला की तो श्वासात येतो. माझ्या शेजारच्या काकू आता दवाखान्यात आहेत, वाचतील म्हणतात. गडहिंग्लजवाले, तुम्ही हे वाचत असाल तर वाचणं इथंच थांबवा. जाळीपलीकडे जा. ते आजोबा शेवटचे कधी दिसले, आठवा. आणि बाकीचेही, ज्यांची कुंपणाजवळची पानं जांभळी होती आणि आता अचानक हिरवी झालीत, त्यांनी तिथं रोज कोण येऊन बसायचं ते आठवा आणि त्यांच्या घरी जा. फोन करू नका, जा. हातात काही नसलं तर एक कारलं घ्या. दार वाजवा. उघडलं नाही तर मागल्या दारानं बघा.”